सूचना, फॉर्म आणि फलक: वाचणाऱ्याच्या बाजूने कसे करावेत

सांगलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, व्हिजिटिंग कार्ड ही कामं रोजची. पण माझा जीव रमतो तो साध्या कागदांत. सोसायटीची नोटीस, पतसंस्थेचा कर्जाचा अर्ज, दवाखान्यातली सूचना, हळदीच्या पेढीची पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशोब. या कागदांवर कुणाचं तरी काम अडतं किंवा पुढं सरकतं. शिवाय सूचना लिहायची वेळ आता सगळ्यांवर येते: ग्रुपचा अ‍ॅडमिन, बचत गटाची सचिव, मंडळाचा खजिनदार, शाळेतले शिक्षक. त्यांच्यासाठी हे लिहितेय. यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. टाइप करायला बसण्याआधी तीन गोष्टी स्वतःला विचारायची सवय लागते. हे कोण वाचणार? वाचताना ते कुठं असणार? आणि वाचून झाल्यावर लगेच काय करणार?

पहिली ओळ वाचणाऱ्याची

माझ्याकडं येणारा मजकूर बहुतेक वेळा असा असतो: "सर्व सभासदांस कळविण्यात येते की, कार्यकारिणीच्या सभेत झालेल्या ठरावान्वये इमारतीवरील पाण्याच्या टाकीची स्वच्छता करण्याचे योजिले असून..." सहाव्या ओळीत कळतं की शनिवारी पाणी नाही. ठराव खरा आहे, त्याचा उल्लेखही हवा. पण सकाळी डबा घेऊन जिना उतरणाऱ्या बाईला कळायला हवं ते एवढंच, की पाणी कधी जाणार, कधी येणार आणि भरून कधी ठेवायचं. म्हणून मी ती नोटीस अशी लावते:

शनिवारी पाणी येणार नाही
सकाळी ८ ते संध्याकाळी ६
शुक्रवारी रात्रीच भरून ठेवा

खाली लहान अक्षरांत कारण, ठराव, सचिवांची सही. यातलं काही गाळलेलं नाही, फक्त क्रम बदललाय. कार्यकारिणीतल्या एखाद्या काकांना वाटतं की यात संस्थेचा मान राहत नाही. मी त्यांना लेटरहेड दाखवते. संस्थेचं नाव सगळ्यात वर, ठळक आहेच. त्याच्याखालची पहिली ओळ सभासदाला द्या, एवढीच माझी विनंती असते.

पट्टीचंही तेच. सांगलीच्या मार्केट यार्डात राजापुरी हळदीचे सौदे होतात, माल लांबून येतो. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या पट्टीवर पोती, वजन, दर, हमाली, तोलाई असं सगळं एकाच आकाराच्या अक्षरांत दाटून बसलेलं असतं. तो मात्र शोधत असतो एकच आकडा, हातात किती पडणार. अशी पट्टी करायला आली की मी तिचे तीन भाग करते. वर आलेला माल: पोती, वजन, दर, एकूण. मधे वजावट, प्रत्येक बाब वेगळ्या ओळीत. खाली चौकटीत हाती पडणारी रक्कम, अंकांत आणि अक्षरांत. आकडे सगळे उजवीकडे, एककाखाली एकक, दशकाखाली दशक, म्हणजे कागद हातात धरल्या धरल्या बेरीज डोळ्यांनी तपासता येते. "इतर" अशी ओळ असेल तर ती फोडून लिहा म्हणून मी आग्रह धरते. शेतकऱ्याला काय कापलं हे कळलं पाहिजे. हिशोब स्वच्छ असूनही कागद गिचमिड असेल तर संशय येतोच, आणि मग त्या पेढीवरचा विश्वास जातो.

महापुराचा मेसेज

यावर मला सविस्तर लिहायचंय, कारण आमच्या गावात मांडणीचं मोल सगळ्यात जास्त कळतं ते जुलै-ऑगस्टमध्ये.

२००५, २०१९, २०२१ हे तिन्ही पूर इथल्या माणसांच्या अंगावरून गेलेत. कृष्णेची पातळी आम्ही आयर्विन पुलापाशी मोजतो. तिथं इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या दिवसांत फोनवर येणारा मेसेज साधारण असा असतो: धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग, साठा इतके टीएमसी, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. धरणावरच्या अभियंत्याला हेच आकडे लागतात आणि ते अचूकच हवेत. पण नदीकाठच्या घरात बसलेल्या आजोबांना त्यावरून गादी माळ्यावर टाकायची की रिक्षा बोलवायची, हे ठरवता येत नाही. "सतर्क राहावे" म्हणजे नेमकं काय करावं, हेही कळत नाही.

आमच्याकडं माणसं पूर फुटांत आणि पायऱ्यांत मोजतात. गेल्या वेळी पाणी कुठल्या उंबऱ्याला लागलं होतं, हे प्रत्येक गल्लीला पाठ आहे. मेसेज त्या ओळखीच्या मापाला जोडला की आकडा लगेच कामाला येतो. तुम्ही गल्लीच्या किंवा वॉर्डाच्या ग्रुपवर मेसेज टाकत असाल तर असा लिहा:

२४ जुलै, सकाळी ७ वाजता
दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड इथल्या घरांसाठी
आज (शनिवार, २४ जुलै) दुपारी १२ च्या आत घर सोडा
अमुक शाळेत राहण्याची सोय आहे. जनावरं तमुक ठिकाणी न्या
आयर्विन पूल: आत्ता ३८ फूट, पाणी वाढतंय (४० इशारा, ४५ धोका)
माहिती कुणाची: प्रशासनाचं सकाळचं पत्रक
पुढचा मेसेज १० वाजता

तारीख आणि वेळ सगळ्यात वर आहे, त्याला कारण आहे. मेसेज फिरत राहतो. "उद्या पाणी वाढणार" हे मंगळवारी लिहिलेलं गुरुवारी मावशींच्या फोनवर पोचतं आणि त्या शुक्रवारची वाट पाहत बसतात. मागच्या पुरातले मेसेजही नव्या पावसात परत फिरायला लागतात. म्हणून मेसेजमध्ये आज, उद्या, परवा एकटे कधीही ठेवू नका. तारीख आणि वार सोबत हवेतच. दुसरी ओळ वस्तीची. आपलं नाव दिसलं की माणूस पुढं वाचतो, दिसलं नाही तर घाबरत नाही. पूर आलेल्या गावात विनाकारण घाबरवणं हाही त्रासच आहे. शेवटची ओळ मला फार महत्त्वाची वाटते. पुढची खबर कधी येणार हे ठरलेलं असेल तर दर पाच मिनिटांनी कुणी "काय झालं" विचारत नाही, आणि अफवेलाही जागा कमी मिळते.

हा मेसेज अक्षरांतच पाठवा, सुंदर बॅकग्राउंडच्या चित्रात बसवू नका. पुढं जाता जाता चित्र पुसट होतं, त्यातला पत्ता कॉपी करता येत नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन चित्रातला मजकूर नीट वाचून दाखवेल याची खात्री नसते. पुरात नेटही मंद असतं. अक्षरं पोचतात, चित्र गोल गोल फिरत राहतं.

निवाऱ्यापर्यंतचा रस्ता दाखवायचा असेल तर एक नकाशा जरूर करा, पण तो प्रमाणात काढू नका. हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समननं लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा काढला, तो १९३३ मध्ये छापला गेला. बेक विजेच्या सर्किटच्या आकृत्या काढायचा. त्यानं खऱ्या अंतरांचा नाद सोडला, रेषा सरळ आणि तिरक्या केल्या, स्टेशनांमधलं अंतर सारखं केलं. प्रवाशाला फुटांत अंतर नको असतं. कुठं चढायचं, कुठं गाडी बदलायची, कुठं उतरायचं, एवढं त्याला हवं असतं. गल्लीच्या नकाशातही तेच करा. देऊळ, चौक, पेट्रोल पंप, वळण, शाळा. कुठला रस्ता आधी पाण्याखाली जातो तो काट मारून दाखवा. बाकीच्या गल्ल्या गाळल्या तरी चालतात.

देवनागरीला जागा द्या

हे माझ्या रोजच्या कामातलं. सूचना उत्तम लिहिलेली असते आणि अक्षरांत मार खाते.

आपल्या अक्षराला डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार. इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर तसंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मी अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर ठेवते. अक्षरांमधलं अंतर मात्र कधीही ताणू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. फ्लेक्सवर जागा भरायला अक्षर आडवं खेचतात, त्यानं घ आणि ध, भ आणि म लांबून सारखेच दिसायला लागतात. जास्त जाड अक्षरातही पोकळ्या बुजतात. आपल्याकडं कॅपिटल अक्षरं नाहीत, तेव्हा जोर द्यायचा तर आकारानं किंवा थोड्या ठळकपणानं द्या, आणि तोही एकाच ठिकाणी. पाच ओळी ठळक केल्या तर एकही ठळक राहत नाही.

फॉन्ट युनिकोडच वापरा, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारखाच वाचता येणारा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर गेला की त्याची अगम्य चिन्हं होतात. विंडोजवर वर्षानुवर्षं असलेला मंगल हा प्राध्यापक र. कृ. जोशींनी पडद्यासाठी घडवलेला. आता मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी असे चांगले फॉन्ट फुकट मिळतात. नोटिशीला मी मुक्ता वापरते, त्याच्या मात्रा लहान आकारातही ठसठशीत राहतात. ल आणि श हिंदी वळणाचे येत असतील तर सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडून पाहा. ज्या फॉन्टमध्ये सोय असते त्यात आपलं वळण मिळतं.

फलक किती मोठा करावा, याचा माझा हिशोब असा: दहा फुटांवरून वाचायचं असेल तर मात्रा सोडून नुसत्या अक्षराची उंची एक इंच. वीस फुटांसाठी दोन इंच. रस्त्यावरून गाडीतून वाचायचं असेल तर याहून मोठं आणि शब्द अगदी थोडे. पांढऱ्यावर पिवळं नको. लाल-हिरवा फरक काहींना दिसत नाही, म्हणून "लाल खूण म्हणजे बंद" एवढ्यावर थांबू नका, "बंद" हा शब्दही लिहा. फोन नंबर पाच-पाच आकड्यांत तोडा आणि लोक जसे डायल करतात तशा इंग्रजी आकड्यांत द्या.

फॉर्म: प्रत्येक रकाना म्हणजे एक प्रश्न

फॉर्म करताना मी तो भरून घेणाऱ्याला प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून विचारते, या माहितीचं तुम्ही काय करणार? उत्तर नसेल तर रकाना काढायचा. आधार क्रमांक तर गरज असल्याशिवाय मागूच नये. झेरॉक्सच्या ढिगात दुसऱ्याची ओळख पडून राहते.

जन्मतारखेला दिवस, महिना, वर्ष अशा आठ चौकटी आखा आणि खाली एक नमुना भरून दाखवा. नावाच्या रकान्याखाली "आधारवर आहे तसं" लिहायला विसरू नका, पुढं स्पेलिंगच्या फरकानं काम अडतं. सोबत काय जोडायचं ती यादी फॉर्मच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर द्या. एरवी ती शेवटच्या पानावर असते, आणि तासगावहून, जतहून एसटीनं आलेला माणूस खिडकीपाशी पोचल्यावर त्याला कळतं की रेशनकार्डाची प्रत घरी राहिली. दिवस वाया, भाडं वाया. ही यादी तर फॉर्म देतानाच हातात पडायला हवी.

फोनवरच्या फॉर्मला हेच सगळं लागू आहे, आणि वर थोडं जास्त. फोटो किती केबीचा हवा हे अपलोड करायच्या आधी सांगा. चूक झाली तर "अवैध माहिती" एवढंच लाल अक्षरांत दाखवू नका. कुठल्या रकान्यात, काय चुकलं आणि कसं दुरुस्त करायचं ते त्या रकान्यापाशी लिहा: "पिनकोड सहा आकडी हवा, तुम्ही पाच आकडे लिहिलेत." भरलेली माहिती पुसू नका. अर्धा तास खपून भरलेला अर्ज एका चुकीनं कोरा झाला की माणूस स्वतःला दोष देतो. माझ्या दुकानात किती शिकलेल्या बायका म्हणतात, "मला जमत नाही हो यातलं." त्यांना सगळं जमतं. फॉर्म नीट केलेला नसतो.

मिरजेला उपचारासाठी कर्नाटकातूनही रोज माणसं येतात, म्हणून तिथल्या फलकांवर मराठीच्या जोडीला कन्नड हवंच. बाण आणि खोली क्रमांक भाषेच्या आधी कळतात, तेव्हा तेही हवेत, आणि जिथं वळण येतं तिथंच हवेत. गोळ्यांच्या कागदावर "दिवसातून दोनदा" किंवा "१-०-१" पुरेसं नाही. सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने, त्यावर उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य आणि चंद्र. शेजारी जेवणाआधी की नंतर, ताटाच्या चित्रासह. ज्या आजींना वाचता येत नाही त्यांना रोज सुनेची वाट पाहावी लागू नये.

बटण दाबल्यावर उत्तर मिळालं पाहिजे

चांगल्या मांडणीचा सगळ्यांच्या हाताखालून गेलेला नमुना म्हणजे आपलं मतदान यंत्र. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून पक्षांना चिन्हं दिली गेली. आजही यंत्रावर उमेदवाराचं नाव, चिन्ह आणि बटण एका आडव्या ओळीत असतात. बटण दाबलं की तिथंच लाल दिवा लागतो, आवाज येतो, आणि शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेमागं चिठ्ठी सात सेकंद दिसते. कुठं दाबायचं, दाबलं गेलं का, बरोबर दाबलं गेलं का, या तिन्ही शंकांना जागच्या जागी उत्तर.

याची उलट बाजू अमेरिकेत २००० साली दिसली. फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीच्या मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं डाव्या आणि उजव्या अशा दोन पानांवर होती आणि मत द्यायला टोचायची भोकं मधे, दोन्ही पानांना सामाईक. डावीकडच्या यादीतल्या दुसऱ्या नावासाठी तिसरं भोक होतं. अनेकांचा गोंधळ झाला, मतं भलतीकडं गेली. त्या राज्याचा निकाल शेवटी ५३७ मतांनी लागला आणि त्यावर देशाचा राष्ट्राध्यक्ष ठरला. नाव आणि खूण एका ओळीत असावी, हा माझ्यासारख्या डीटीपीवालीचा रोजचा नियम किती मोठा आहे हे मला त्यावरून कळतं.

तुम्ही साधा गुगल फॉर्म केलात तरी हे पाळा. पाठवल्यावर "तुमचं नाव नोंदवलं, रविवारी सकाळी १० वाजता या" असा निरोप दिसू द्या. भाजी मंडईत पैसे आल्यावर मराठीत बोलणारा छोटा स्पीकर आला आणि भाजीवालीला ओल्या हातानं फोन उचलायची गरज उरली नाही. तिचे हात कशात गुंतलेत याचा कुणीतरी विचार केला होता. सूचना करताना तसाच विचार करा.

छापण्याआधी दाखवा

प्रूफ तयार झालं की ते लिहिणाऱ्याला दाखवून उपयोग नसतो. त्याला मजकूर पाठ असतो. मी ते ज्याला विषय माहीत नाही अशाला दाखवते. झेरॉक्सला आलेल्या मावशी, शेजारचे हमाल दादा, कॉलेजची पोरं. "बरोबर आहे का?" असं विचारत नाही, कारण भिडेखातर सगळे हो म्हणतात. कागद हातात देते आणि विचारते, "आता तुम्ही काय कराल?" मग गप्प बसते. समजावून सांगायचा मोह आवरायचा, कारण भिंतीवरच्या नोटिशीशेजारी उभं राहून समजावायला आपण असणार नाही. नजर कुठं अडखळते, बोट कुठं परत वर जातं, हे पाहायचं आणि तिथं खूण करायची. तीन-चार जणांत मुख्य दोष समजतात. फोनवरचा फॉर्म असेल तर स्वस्तातल्या, काच तडकलेल्या फोनवर, उन्हात उभं राहून भरून पाहा.

लावताना उंचीचा विचार करा. पाच फुटांच्या आसपास मजकुराचा मध्य यावा. व्हीलचेअरवरून येणारे असतील तर आणखी खाली. जिथं माणूस निर्णय घेतो तिथं लावा. लिफ्ट बंद असल्याची सूचना लिफ्टच्या दारावर असतेच, ती गेटवरही हवी, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या काकूंना सामान घेऊन परत फिरावं लागत नाही.

आणि प्रत्येक सूचनेच्या खालच्या कोपऱ्यात ती कधी काढायची ती तारीख लहान अक्षरांत घाला, काढणाऱ्याच्या नावासकट. टाकी धुऊन झाली की रविवारी सकाळी ती नोटीस उतरवा, चिकटपट्टीचे तुकडेही काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर जुना मेसेज वर पिन केलेला असेल तर तो काढून नवा पिन करा.